कंपनीकडे आठ महिन्यांचे पैसे उरले आहेत, हे सहकाऱ्यांना कधी आणि किती सांगावे?

उंबरठा (धागाकर्ता)

मी एका सॉफ्टवेअर कंपनीचा संस्थापक आहे. साडेतीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ती सुरू केली. तंत्रज्ञान माझ्याकडे आणि विक्री सहसंस्थापकाकडे, ही विभागणी पहिल्या दिवसापासून आहे. गोदामातील मालाचा हिशोब ठेवणारी आमची प्रणाली मध्यम आकाराचे वितरक वापरतात आणि त्यासाठी दरमहा वर्गणी भरतात. आज आम्ही एकूण २२ जण आहोत.

प्रश्न विचारण्याआधी आकडे मांडतो, कारण त्यांच्याशिवाय कोणालाच नीट सल्ला देता येणार नाही. आमचा मासिक खर्च १०० धरला, तर वर्गणीतून ४० येतात आणि उरलेले ६० शिलकीतून जातात. बँकेत आज ४८० आहेत, म्हणजे आठ महिने. वर्षभरापूर्वी उत्पन्न ३१ होते, त्यामुळे वाढ नाही असे म्हणता येत नाही, पण दरमहा सुमारे ४ टक्के ग्राहक आम्हाला सोडून जातात. पुढच्या राउंडसाठी, म्हणजे नवे भांडवल उभारण्यासाठी, दहा आठवड्यांपासून गुंतवणूकदारांच्या भेटी चालू आहेत. तीसहून अधिक भेटी झाल्या, दोन ठिकाणी दुसऱ्या फेरीची बोलणी सुरू आहेत, लेखी प्रस्ताव मात्र एकही हातात नाही.

यातले जवळजवळ काहीच सहकाऱ्यांना ठाऊक नाही. सोमवारच्या बैठकीत मी नव्या ग्राहकांची नावे सांगतो, पुढच्या आवृत्तीच्या तारखा सांगतो आणि शेवटी ‘राउंडचे काम सुरू आहे’ एवढे एक वाक्य बोलतो. ते वाक्य खोटे नाही, पण ऐकणारे त्यावरून कोणता अर्थ काढतात हे मला कळते आणि मी तो दुरुस्त करत नाही. मागच्या आठवड्यात आमची सर्वांत अनुभवी प्रोग्रॅमर माझ्याकडे आली. घरासाठी कर्ज काढण्याचा तिचा विचार आहे. पुढची दोन वर्षे इथली नोकरी पक्की समजायला हरकत नाही ना, असे तिने सरळ विचारले. मी म्हणालो, “काम चांगले चालले आहे.” ती समाधानाने गेली आणि मी संध्याकाळपर्यंत त्या एकाच वाक्याचा विचार करत बसलो.

आणखी एक गोष्ट आहे, जी वेगळी वाटली तरी मला याच प्रश्नाचा भाग वाटते. दिवसभर भेटी, करारपत्रे, मुलाखती आणि कुणाच्या तरी नाराजीची समजूत काढणे यात वेळ जातो, आणि रात्री दहानंतर मी कोड लिहायला बसतो. त्याची गरज असते असे नाही. तिथे चूक दिसते, ती दुरुस्त करता येते आणि दुरुस्त झाली हे त्याच रात्री कळते, म्हणून मी तिकडे ओढला जातो.

सहसंस्थापकाचे म्हणणे असे, की पैशांची स्थिती सांगितली तर सर्वांत चांगली माणसे सर्वांत आधी जातील, कारण त्यांना दुसरीकडे काम सहज मिळते, आणि ती गेली की गुंतवणूकदारही मागे फिरतील. हे मला खोडता येत नाही आणि पटतही नाही. ज्यांनी ही वेळ प्रत्यक्ष पाहिली आहे त्यांनी सांगावे: सांगावे का, कधी सांगावे आणि किती सांगावे?

पाणवठा

उंबरठा, मी ही वेळ पाहिली आहे आणि मी सांगितले नव्हते. त्यामुळे माझे उत्तर एका बाजूला झुकलेले आहे, हे आधीच नोंदवतो.

सुरुवात तुमच्या आठ महिन्यांपासून करू. ४८० भागिले ६० हा हिशोब बरोबर आहे, परंतु ते सगळे महिने तुम्हाला वापरता येणारे नाहीत. कंपनी बंद करण्याची पाळी आलीच, तर शेवटचे पगार, शिल्लक रजेचे पैसे, नोटीशीच्या काळाचा मोबदला, करांची देणी आणि ग्राहकांना आपापला डेटा उतरवून घेता यावा म्हणून काही आठवडे सर्व्हर चालू ठेवण्याचा खर्च, एवढे सगळे बाजूला काढावे लागते. आमच्या बाबतीत ही रक्कम दोन महिन्यांच्या तुटीइतकी भरली होती. तुमचेही तसेच असेल तर निर्णयासाठी तुमच्याकडे सहा महिने आहेत. शिवाय लेखी प्रस्ताव आल्यानंतरही कागदपत्रांच्या कायदेशीर तपासणीत कित्येक आठवडे जातात आणि त्या काळात एकही पैसा येत नाही.

आता थांबण्याची किंमत काढून बघा. समजा, तुम्ही खर्च १०० वरून ७५ वर आणला आणि उत्पन्न ४० वरच राहिले. तूट ३५ होते. हे आज केले तर ४८० मध्ये साडेतेरा महिन्यांहून थोडे अधिक निघतात. तीन महिने थांबून केले, तर तोवर शिल्लक ३०० झालेली असते. त्यात साडेआठ महिने निघतात आणि आधीचे तीन धरून साडेअकरा होतात. सहा महिने थांबलात तर हातात १२० उरतात, त्यात जेमतेम साडेतीन महिने, आणि सगळी बेरीज साडेनऊच्याही आत येते. कपात तीच, दुखावली जाणारी माणसेही तितकीच, फक्त चार महिन्यांहून अधिक आयुष्य थांबण्यात खर्च झाले. हा हिशोब मी कागदावर केला तेव्हा आमच्याकडे काही करण्यासारखे उरले नव्हते.

आम्ही १७ जण होतो. पाच महिन्यांचे पैसे असताना एका गुंतवणूकदाराने तोंडी होकार दिला आणि मी तो होकार खात्यात जमा झालेल्या रकमेसारखा धरून चाललो. त्या भरवशावर मी दोन नव्या नेमणुका केल्या आणि एका सहकाऱ्याला बढतीही दिली. तपासणी लांबत गेली, प्रश्नांची उत्तरे देता देता दहा आठवडे गेले आणि शेवटी त्यांनी नकार कळवला. मी सहकाऱ्यांना सांगितले त्या दिवशी आमच्याकडे १९ दिवसांचे पैसे होते. नोटीशीचा मोबदला देता आला नाही. ज्याला बढती दिली होती, त्याने सगळे निघून गेल्यावर मला एकच प्रश्न विचारला: “मला ते पत्र दिलेत तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होते ना?” पैसे संपले याचा राग त्याच्या बोलण्यात नव्हता. आपण ज्या वेळी आनंदाने घरी गेलो त्या वेळी समोरच्या माणसाला वेगळे काही माहीत होते, हे त्याला लागले होते. तुमच्या सहकारी तुमच्याकडून समाधानाने गेल्या असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे सविस्तर सांगितले.

कार्यालयीन संवादासाठी वापरल्या जाणाऱ्या स्लॅकची गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते. टायनी स्पेक ही कंपनी ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ चालवत होती. तो पुरेसा चालत नाही हे मान्य करून स्टुअर्ट बटरफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तो बंद केला, आणि आपसातील संवादासाठी तयार केलेल्या साधनातून पुढे स्लॅक उभे राहिले, जे २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ही गोष्ट बहुतेक वेळा पडून पुन्हा उभे राहण्याची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला आधीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. खेळ बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा बँकेत पैसे होते. म्हणून कामावरून कमी केलेल्या लोकांना दुसरीकडे जागा मिळवून देण्यासाठी कंपनीला झटता आले, खेळाडूंना पैसे परत देण्याची तयारी दाखवता आली आणि उरलेल्या लहान गटाला दुसरे काही करून बघायला अवधी मिळाला. खाते रिकामे होईपर्यंत ते थांबले असते तर यातले एकही शक्य नव्हते.

तुमच्या ‘कधी’ या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे: तुमच्याकडे अजून दोन-तीन पर्याय शिल्लक असतील तेव्हा. एकच उरला की सांगण्याला फारसा अर्थ राहत नाही, ती केवळ सूचना होते.

सांजवात

पाणवठा यांच्या हिशोबाशी मी सहमत आहे, पण सांगण्याच्या पद्धतीबद्दल सावध करू इच्छिते. मी उलटी चूक केली आहे.

अकरा महिन्यांचे पैसे शिल्लक असताना, पारदर्शकता असावी या प्रामाणिक समजुतीने, मी एका शुक्रवारी दुपारी सगळे आकडे पडद्यावर लावले आणि ‘काही प्रश्न असतील तर विचारा’ असे म्हणून बैठक संपवली. पुढे काय करणार हे मी बोलले नाही, कारण ते माझेच ठरले नव्हते. शनिवार-रविवार लोकांनी एकमेकांना फोन करून त्या आकड्यांचे आपापले अर्थ लावले. सहा आठवड्यांत दोघे गेले, आणि ते दोघे भित्रे किंवा अप्रामाणिक मुळीच नव्हते. मी त्यांच्या हातात चिंता दिली होती, त्या चिंतेचे करायचे काय हे सांगितले नव्हते. माझ्या डोक्यावरचे ओझे उतरवण्यासाठी मी ते त्यांच्या डोक्यावर ठेवले, असे आज मला वाटते. संस्थापकाला एकटेपणा असह्य होतो तेव्हा पारदर्शकता आणि मन मोकळे करणे यातला फरक त्याला दिसेनासा होतो.

त्यामुळे माझ्या मते आधी तुम्ही आणि तुमचे सहसंस्थापक यांचे एकमत व्हायला हवे, आणि तेही नेमक्या तारखांवर. अमुक तारखेपर्यंत लेखी प्रस्ताव आला नाही तर खर्च इतका कमी करायचा. शिल्लक अमुक आकड्याखाली गेली तर कंपनी विकण्याची बोलणी सुरू करायची. त्याहून खाली गेली तर व्यवस्थित बंद करायची. या तीन ओळी दोघांनी मान्य करून संचालक मंडळाला कळवल्या, की मग सहकाऱ्यांसमोर बसा. दोन संस्थापकांकडून दोन वेगवेगळी उत्तरे ऐकू येणे हे वाईट बातमीपेक्षा अधिक नुकसान करते.

आणि जर कपात करावीच लागली तर राहण्यासाठी घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी ५ मे २०२० रोजी प्रसिद्ध केलेले पत्र वाचून ठेवा. सुमारे ७,५०० पैकी जवळजवळ १,९०० जणांना त्या वेळी जावे लागले. आपण एवढे मोठे नाही आणि आपल्याकडे तेवढा पैसाही नाही, तरी त्या पत्राचा क्रम शिकण्यासारखा आहे. धंद्याचे काय झाले, त्यामुळे कोणती कामे थांबवली, किती जण जाणार, ते कसे ठरवले आणि जाणाऱ्याला नेमके काय मिळणार, हे सगळे एकाच ठिकाणी आहे. अमेरिकेतील कर्मचाऱ्यांना १४ आठवड्यांचा मूळ पगार आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे आणखी एक आठवडा, एक वर्ष पूर्ण केल्याशिवाय समभाग न मिळण्याची अट रद्द, लॅपटॉप स्वतःकडे ठेवण्याची मुभा. ज्याला बातमी मिळते त्याला दुसऱ्याच मिनिटाला पडणारे प्रश्न हेच असतात, आणि त्यांची उत्तरे तयार नसताना बैठक बोलावू नये.

दिशादर्शक

वरच्या दोन्ही प्रतिसादांत पैशांवर भर आहे. मला तुमच्या रात्रीच्या कोडबद्दल बोलायचे आहे, कारण तो या प्रश्नाचा भाग आहे हे तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे, कदाचित तुम्ही समजता त्याहूनही अधिक.

दरमहा ४ टक्के ग्राहक जातात, म्हणजे आज असलेल्या १०० पैकी वर्षाअखेरीस ६१ उरतात. हीच गळती २ टक्क्यांवर आली तर ७८ उरतात. तुम्हाला भेटणारा प्रत्येक गुंतवणूकदार हा गुणाकार मनातल्या मनात करतो आणि दुसऱ्या फेरीत बोलणी अडतात ती बहुधा इथेच. आता एक प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्या कंपनीतील प्रोग्रॅमर आज जे काम करत आहेत, त्यातले किती काम ही गळती थांबवण्यासाठी आहे? माझा अंदाज असा की फार थोडे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ज्यांना वाटते की कंपनीला तीन वर्षे आहेत, ते तीन वर्षांचे काम निवडतात. ते प्रणालीची मांडणी सुधारतात, मोठ्या ग्राहकांसाठी नवी सुविधा बांधतात. कंपनीला आठ महिने आहेत हे ज्यांना माहीत आहे, ते वेगळे काम निवडतील. आकडे लपवण्याचे नैतिक नुकसान वर आले आहेच. हे त्याचे अभियांत्रिकी नुकसान आहे, आणि ते रोज होत आहे. तुमच्या कंपनीत तुम्ही दोघे सोडून २० हुशार माणसे चुकीच्या माहितीवर कामाचा अग्रक्रम ठरवत आहेत.

रात्रीच्या कोडकडे याच नजरेने बघा. संस्थापकाने रात्री दोन वाजता पाठवलेला बदल सकाळी कुणीतरी तपासायचा असतो. तो तपासणारा मोकळेपणाने ‘हे नको’ असे लिहील का? मी स्वतः अशा बदलांना तीन वर्षे मान्यता मिळवत होतो आणि मला वाटायचे की माझा कोड निर्दोष असतो. एका सहकाऱ्याने नोकरी सोडताना सांगितले, की माझे बदल न वाचताच मंजूर व्हायचे आणि त्यातल्या चुका ते सगळे नंतर गुपचूप निस्तरायचे. लोकांना माझी भीती वाटत होती असे नाही. मला खरे सांगण्यात काही उपयोग आहे असे त्यांना वाटत नव्हते, आणि ते अधिक वाईट होते.

सहा जण असताना दोन-दोन माणसांच्या जोड्या १५ होतात. २२ जणांच्या २३१ होतात. सहा जणांत बातमी आपोआप सर्वांपर्यंत पोहोचत होती आणि तुम्ही कोड लिहिताना सगळे ऐकत होता. २३१ जोड्यांमध्ये ती पोहोचवावी लागते. ते पोहोचवणे हेच आता तुमचे काम आहे, आणि त्याचे फळ त्याच रात्री दिसत नाही म्हणून ते काम नाही असे वाटते. मलाही हे स्वीकारायला फार वेळ लागला.

खरे सांगितल्याने विश्वास बसतो की उडतो, याबद्दल एक उदाहरण देतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी, प्रोग्रॅमरना कोड साठवायला जागा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. पाच प्रकारची बॅकअप आणि प्रतिकृती-व्यवस्था होती, त्यातली एकही ऐन वेळी भरवशाची निघाली नाही. त्याच दिवशी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत सापडली म्हणून बहुतेक डेटा वाचला. त्या कंपनीने दुरुस्तीच्या नोंदी चालू असतानाच सर्वांना वाचता येतील अशा ठेवल्या आणि काम थेट प्रक्षेपित केले. नंतरच्या अहवालात त्या एका माणसावर दोष न टाकता अशी चूक होऊ देणारी व्यवस्था तपासली. डेटा गमावलेल्या ग्राहकांना त्यामुळे तो परत मिळाला नाही हे खरेच आहे. पण पुढच्या वेळी ही कंपनी ‘सगळे ठीक आहे’ म्हणाली तर त्या वाक्यावर विश्वास ठेवायला लोकांकडे कारण होते. तुमच्या सोमवारच्या बैठकीतल्या वाक्याची आज काय किंमत आहे, हे तुम्हाला माहीत आहे. ती इतरांना कळण्याआधी तुम्ही वाढवू शकता.

कळफलक

मी संस्थापक नाही. स्टार्टअपमध्ये दोनदा नोकरी केली आणि त्यातली एक कंपनी माझ्या डोळ्यांसमोर बंद झाली, म्हणून नोकरदाराच्या बाजूने लिहितो.

सांगितले तर चांगले लोक जातील, असे तुमच्या सहसंस्थापकांना वाटते. काही जातील. पण सांगितले नाही तर त्यांना कळत नाही, असे ते गृहीत धरत आहेत, आणि ते गृहीतक चुकीचे आहे. जुन्या सहकाऱ्याच्या जागी कुणी आले नाही, दोन्ही संस्थापक एकाच दिवशी वारंवार बाहेर जाऊ लागले, एखाद्या सेवेचे बिल भरायला उशीर झाला, बैठकीत पूर्वी दाखवला जाणारा उत्पन्नाचा आलेख नाहीसा झाला, हे सगळे आम्हाला दिसते. आम्ही जेवताना त्यावरच बोलतो. आकडा माहीत नसतो, म्हणून आम्ही तो खऱ्यापेक्षा वाईट धरतो.

सांगाल तेव्हा समभागांबद्दलही, म्हणजे ते ठरलेल्या किमतीला विकत घेण्याच्या आमच्या हक्काबद्दलही, स्पष्ट बोला, ही विनंती. आमच्यापैकी बहुतेकांनी कमी पगार स्वीकारलेला असतो तो या कागदांकडे बघून, आणि त्यांचा अर्थ फार थोड्यांना समजलेला असतो. गुंतवणूकदारांनी ३०० घातले असतील, त्यांना आधी आपली मूळ रक्कम परत घेण्याचा हक्क असेल आणि कंपनी २५० ला विकली गेली, तर सामान्य समभाग असलेल्यांच्या वाट्याला, म्हणजे आमच्या आणि तुमच्याही वाट्याला, शून्य येते. नोकरी सोडल्यावर ९० दिवसांत पैसे भरून समभाग घ्यावे लागतात नाहीतर हक्क जातो, अशी अट अनेक करारांत असते. मी माझ्या पहिल्या कंपनीत साठवलेल्या पैशांतून असे समभाग विकत घेतले होते. त्या वेळी वरच्या रांगेत किती रक्कम उभी आहे हे मला कुणी सांगितले असते, तर मी ते घेतले नसते. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. कंपनी वाचेल असे त्याला मनापासून वाटत होते. त्याच्या आशेची किंमत माझ्या बचतीतून गेली, एवढेच म्हणतो.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. कळफलक, तुमचा प्रतिसाद मी सहसंस्थापकाला जसाच्या तसा वाचून दाखवला. उत्पन्नाचा आलेख आम्ही चार महिन्यांपूर्वी बैठकीतून काढला होता.

एक अडचण अजून सुटत नाही. घराच्या कर्जाबद्दल विचारणाऱ्या सहकारीला मी सर्वांच्या आधी सांगावे का? तिला सह्या याच महिन्यात करायच्या आहेत. तिला आधी सांगणे इतरांवर अन्याय वाटतो आणि न सांगणे तर मुळीच शक्य वाटत नाही.

सांजवात

तिला आधी सांगण्याऐवजी सर्वांनाच लवकर सांगा, तिच्या सह्यांच्या तारखेच्या आत. ही तारीखच तुमची मुदत समजा. तोवर तिच्याकडे जाऊन एवढेच म्हणा, की मागच्या वेळी मी तुम्हाला पुरेसे उत्तर दिले नाही, या आठवड्यात सर्वांशी बोलणार आहे, तोपर्यंत कागदांवर सही करू नका. कर्ज काढावे की नाही, हा सल्ला देऊ नका. तो निर्णय त्यांचा आहे. त्यासाठी लागणारी माहिती देणे तुमचे काम आहे.

पाणवठा

सहमत. आणि ती बैठक शुक्रवारी ठेवू नका. आठवड्याच्या सुरुवातीला ठेवा आणि पुढचे दोन दिवस तुमच्या सगळ्या भेटी रद्द करून कार्यालयातच थांबा. खरे प्रश्न बैठकीत येत नाहीत, दुसऱ्या दिवशी एकेकटे येऊन विचारले जातात.

उंबरठा

अठरा दिवसांनी लिहितो आहे.

आम्ही दोघांनी आधी दोन दिवस वाद घातला आणि तीन तारखा ठरवल्या. संचालक मंडळाला कळवले. त्यानंतर मंगळवारी सकाळी सर्वांना शिल्लक, मासिक तूट, गळती आणि त्या तीन तारखा सांगितल्या. समभागांबद्दलही बोललो आणि गुंतवणूकदारांचा हक्क आधी येतो म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून दाखवले. पहिला खर्च आम्ही आमचाच कमी केला. दोघांचे पगार निम्मे केले आणि नव्या दोन नेमणुका थांबवल्या. कुणाला काढलेले नाही, पण तिसऱ्या महिन्याअखेर प्रस्ताव आला नाही तर पाच जागा कमी कराव्या लागतील आणि त्यांना दोन महिन्यांचा पगार मिळेल, हेही सांगितले. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आहे.

बैठकीत दोनच प्रश्न आले. बुधवारी चौदा जण येऊन बोलले. एकाने दुसरीकडे मुलाखती सुरू करत असल्याचे सांगितले आणि मी त्याला शिफारसपत्र देण्याचे कबूल केले. ग्राहक-सहाय्य पाहणाऱ्या दोघी जे म्हणाल्या ते मला दोन वर्षांत कुणी सांगितले नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते. सोडून जाणाऱ्यांपैकी बहुतेक ग्राहक पहिल्या साठ दिवसांतच जातात. जुन्या नोंदी आमच्या प्रणालीत आणायला त्यांना तीन-चार आठवडे लागतात, आणि तोवर ते जुनी पद्धत आणि आमची प्रणाली दोन्ही चालवून थकतात. त्याच दुपारी प्रोग्रॅमरनी मोठ्या ग्राहकांसाठीची नवी सुविधा बाजूला ठेवली आणि नोंदी आयात करण्याचे काम हाती घेतले. त्यातला एकही भाग मी लिहिलेला नाही. तपासणीसाठी माझ्याकडे एक बदल आला होता. मी काढलेल्या तीन शंकांपैकी दोन त्यांनी कारणे देऊन फेटाळल्या.

दुसऱ्या फेरीतल्या दोन गुंतवणूकदारांपैकी एकाने काल नकार कळवला. तो मी आज सकाळीच सर्वांना सांगितला.

सहकारीने कर्जाचा निर्णय सहा महिने पुढे ढकलला आहे. मंगळवारच्या आधी मी तिच्याकडे जाऊन मागच्या उत्तराबद्दल माफी मागितली होती. ती काही बोलली नाही. त्या दिवसानंतर ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. आयातीच्या कामाची जबाबदारी मात्र तिनेच स्वतःहून मागून घेतली आहे, आणि पहिल्या तीन ग्राहकांवर ते येत्या सोमवारी चालवून बघायचे आहे.